व्यवस्थापनातील पीएच.डी.: कुठे आणि कोणाकडे करायची हे ठरवण्यापूर्वी

नोकरीत पंधरा-वीस वर्षे काढलेल्या, हाताखाली माणसे सांभाळलेल्या व्यक्तीला एका टप्प्यावर वाटू लागते की आपण रोज जे पाहतो त्याचा एकदा शिस्तीने अभ्यास करावा. एका विभागातील माणसे वरिष्ठाच्या शब्दाखातर रात्री उशिरापर्यंत थांबतात आणि शेजारच्या विभागातील माणसे सहा वाजता काम टाकून निघतात, असे का होते, हा प्रश्न मनात घर करून बसतो. मग चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न हमखास असा असतो की पीएच.डी. कोणत्या विद्यापीठातून करू? मी स्वतः मनुष्यबळ विभागात नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. पूर्ण केली असून त्यानंतर अनेक नोकरदार उमेदवारांचे संशोधन आराखडे वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की विद्यापीठाचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पदवी कशासाठी हवी आहे आणि कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात.

पदवी अध्यापनासाठी हवी असेल तर त्या पदाचे निकष आधी वाचावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता आहे, तर सहयोगी प्राध्यापक आणि त्यापुढील पदांसाठी पीएच.डी. लागते. व्यवस्थापन शिकवणाऱ्या अनेक संस्थांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचेही निकष लागू होतात. म्हणजे ज्याला केवळ शिकवायला सुरुवात करायची आहे, त्याने सहा वर्षांचे काम अंगावर घेण्याआधी नेट-सेटची तयारी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. संशोधक म्हणूनच पुढचे आयुष्य काढायचे असेल तर नोकरी सोडून पूर्णवेळ कार्यक्रमाकडे जावे. आणि कंपनीतच राहून आपल्या कामाला खोली द्यायची असेल तर अर्धवेळ पीएच.डी. किंवा डीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनातील डॉक्टरेट, यांचा विचार होऊ शकतो. डीबीएचा भर प्रत्यक्ष कामातील अडचण सोडवण्यावर असतो, पीएच.डी.चा भर ज्ञानात नवी भर घालण्यावर असतो. मात्र डीबीए घेऊन पुढे प्राध्यापक व्हायचा बेत असेल, तर ती पदवी पीएच.डी.समान धरली जाईल का हे जिथे ती दाखवायची आहे त्या संस्थेकडून प्रवेशापूर्वीच लेखी घ्यावे. प्रवेश देणाऱ्याचे तोंडी आश्वासन तेथे उपयोगाचे नसते.

वरिष्ठाच्या शब्दाखातर माणसे का थांबतात हा प्रश्न नेतृत्वाचा. आता त्या विषयाच्या नावाविषयी. अमेरिकेत संघटनात्मक नेतृत्व या नावाने स्वतंत्र डॉक्टरेट देणारी अनेक विद्यापीठे आहेत. आपल्याकडे हे नाव क्वचितच दिसते. नेतृत्वावरील संशोधन येथे बहुधा ‘ऑर्गनायझेशनल बिहेवियर’ (संस्थेतील माणसांच्या वर्तनाचा अभ्यास) आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या शाखांत होते, तर काही वेळा ते मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या विभागातही आढळते. त्यामुळे संकेतस्थळावर नाव सापडले नाही म्हणून संस्था सोडून देऊ नये, आणि नाव सापडले म्हणून भुलूनही जाऊ नये. या विषयाला भारतात स्वतःची परंपरा आहे. उदय पारीक यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये हा विषय रुजवला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यात टी. व्ही. राव यांच्यासह लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाची रचना उभी केली. पाटण्यात जे. बी. पी. सिन्हा यांनी भारतीय कार्यालयांतील वरिष्ठ-कनिष्ठ संबंध पाहून असे मांडले की माया लावणारा, पण त्याच वेळी काम चोख मागणारा वरिष्ठ आपल्याकडे परिणामकारक ठरतो. संभाव्य मार्गदर्शकाशी बोलताना हा धागा त्यांना ठाऊक आहे की त्यांचे सगळे वाचन परदेशी पाठ्यपुस्तकांवर थांबले आहे, हे दहा मिनिटांत लक्षात येते.

संस्थांचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला आयआयएम, आयआयटी आणि तत्सम संस्थांचा. अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९७१ पासून डॉक्टरेट पातळीचा ‘फेलो’ कार्यक्रम चालत आला. ३१ जानेवारी २०१८ रोजी आयआयएम कायदा लागू झाल्यावर या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला आणि फेलोची जागा पीएच.डी.ने घेतली. महाराष्ट्रात नागपूरची आयआयएम, २०२३ मध्ये नीटी या संस्थेचे रूपांतर होऊन झालेली मुंबईची आयआयएम आणि मुंबई आयआयटीचे शैलेश मेहता स्कूल ऑफ मॅनेजमेंट हे पर्याय आहेत. कामगार आणि मनुष्यबळ या अंगाने पाहायचे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा विचार करावा. आयआयएममध्ये साधारणतः कॅट, जीमॅट, जीआरई या परीक्षांचे गुण किंवा नेटमधून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) यांपैकी काहीतरी लागते. पहिली दोन वर्षे अभ्यासक्रम कसून शिकवला जातो आणि विद्यावेतन मिळते. नोकरदारांसाठी काही आयआयएम वेगळे कार्यक्रम चालवतात, पण त्यांचे शुल्क मोठे असते. दुसरा मार्ग सार्वजनिक विद्यापीठांचा: पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा, मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठाचे गोवा बिझनेस स्कूल, शिवाय विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतील मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे. येथे शुल्क परवडते आणि नोकरी सांभाळून काम करता येते, पण एका केंद्राची गुणवत्ता दुसऱ्याशी जुळत नाही. तिसरा मार्ग खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांत उत्तमही आहेत आणि टाळावीत अशीही आहेत. या मार्गाने जाणाऱ्याने खालील तपासणी दुप्पट काटेकोरपणे करावी.

तपासणीचे पहिले साधन म्हणजे आयोगाचे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेले पीएच.डी. विनियम. दस्तऐवज छोटा आहे आणि अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतः वाचावा, कारण प्रवेश समुपदेशक जे सांगतात आणि विनियम जे म्हणतात त्यांत पुष्कळदा अंतर असते. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, आरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना तसेच दिव्यांगांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमासह कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना त्याहून २ वर्षे अधिक मिळू शकतात. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला गाव बदलावे लागले तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही आहे. ही माहिती अनेक संशोधन केंद्रे आपणहून देत नाहीत, म्हणून ती मुद्दाम येथे नोंदवली. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास या विनियमांत स्पष्ट मनाई आहे. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शैक्षणिक कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये तर पीएच.डी.चे निकष न पाळल्याबद्दल आयोगाने राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षे नवे पीएच.डी. प्रवेश देण्यास मनाई केली. अशा ठिकाणी पैसे आणि वर्षे घालवलेल्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतील अनेकांनी केवळ विश्वास ठेवला होता.

याच विनियमांत उमेदवाराच्या हाती एक चांगले हत्यार दिलेले आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या मार्गदर्शकांची यादी, त्यांच्याकडे नोंदवलेले विद्यार्थी, त्यांचे विषय आणि प्रवेशाची तारीख संकेतस्थळावर ठेवायची असते आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची असते. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ही यादी उघडून बसावे. ज्यांच्याकडे सात विद्यार्थी असून त्यांतील चार जण पाच-सहा वर्षांपूर्वीचे आहेत, त्यांच्याकडे आठवे होण्यापूर्वी त्या चौघांपैकी एकाशी बोलावे. यादीच नसेल किंवा तीन वर्षे जुनी असेल, तर त्या संस्थेचे प्रशासन पुढे तुमचा अहवाल आणि तुमचा प्रबंध कसा हाताळेल याचा अंदाज तेथेच येतो.

मार्गदर्शकाच्या निवृत्तीचा हिशेब तर आवर्जून करावा. माझी पहिली नोंदणी अशाच कारणाने अडली. ज्यांच्या नावावर मी नोंदणी केली ते दोन वर्षांत निवृत्त झाले, केंद्रात या शाखेचे दुसरे कोणी नव्हते, आणि मला विपणनाच्या प्राध्यापकांकडे वर्ग करण्यात आले. ते सज्जन होते, पण माझा विषय त्यांचा नव्हता. शेवटी ती नोंदणी सोडून मी दुसरीकडे नव्याने सुरुवात केली. आता निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तरीही तीन वर्षे आणि सहा वर्षे यांत मोठे अंतर आहे. म्हणून निवृत्तीचे वर्ष विचारायला संकोच करू नये, आणि केंद्रात त्याच शाखेचे किमान दोन मार्गदर्शक असतील अशीच जागा शोधावी.

ज्याने एवढेही केले नाही त्याने पुढची एक गोष्ट तरी करावी: पूर्ण झालेले प्रबंध वाचावेत. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन भांडारात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध कोणालाही मोफत उघडता येतात. मार्गदर्शकाचे नाव टाकून शोध घ्यावा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे तीन-चार प्रबंध शेजारी शेजारी ठेवावेत. आधी शीर्षके पाहावीत. ‘पुणे जिल्ह्यातील निवडक कंपन्यांच्या विशेष संदर्भात’ अशा एकाच साच्यातील शीर्षके असतील आणि फक्त जिल्ह्याचे व उद्योगाचे नाव बदलत असेल, तर तुमच्याही प्रश्नाला तोच साचा बसवला जाण्याची शक्यता आहे. मग आभाराचे पान वाचावे. ते औपचारिक असते, तरी मार्गदर्शकाने नेमके काय केले हे विद्यार्थी जिथे तपशिलाने लिहितो तिथे सहसा खरोखर काही घडलेले असते. त्यानंतर थेट संशोधन पद्धतीच्या प्रकरणाकडे जावे.

या प्रकरणात काय पाहायचे ते जरा विस्ताराने सांगतो, कारण नेतृत्वावरील बहुतेक प्रबंध येथेच कमकुवत पडतात. नेहमीचा प्रकार असा असतो: तीनशे कर्मचाऱ्यांना एक प्रश्नावली दिली जाते, पहिल्या भागात ते आपल्या वरिष्ठाच्या नेतृत्वाला गुण देतात, दुसऱ्या भागात स्वतःच्या समाधानाला, आणि मग दोहोंचा सहसंबंध काढून नेतृत्वामुळे समाधान वाढते असा निष्कर्ष लिहिला जातो. पण ज्याचा दिवस चांगला गेला तो दोन्ही भागांत चांगले गुण देतो आणि ज्याची पगारवाढ अडली तो दोन्हीकडे कमी देतो. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच कागदावर दिलेल्या उत्तरांचा हा सहसंबंध नेतृत्वाविषयी फारच थोडे सांगतो. चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला वेगळ्या वेळी मोजमाप करायला लावतो, वरिष्ठाकडून आणि कनिष्ठाकडून स्वतंत्र माहिती घ्यायला लावतो, गैरहजेरी किंवा नोकरी सोडण्याचे प्रमाण यांसारख्या कार्यालयीन नोंदी आणायला सांगतो, किंवा मोजणी बाजूला ठेवून एकाच संस्थेत सहा महिने बसून निरीक्षण करायला पाठवतो. तीन प्रबंधांपैकी एकातही असे काही दिसले नाही, तर ती जागा दुसऱ्या कोणासाठी ठीक असेल, पण ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याच्यासाठी नाही.

प्रबंधाच्या शेवटी जोडलेली प्रश्नावलीही बारकाईने पाहावी. मराठी बोलणाऱ्या कामगारांना विचारलेले प्रश्न मराठीत आहेत का? असतील तर ते कोणी भाषांतरित केले आणि पुन्हा इंग्रजीत उलट अनुवाद करून पडताळले का? हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझ्या चाचणी सर्वेक्षणात मी ‘तुमचा नेता’ असा शब्द वापरला होता. शॉप फ्लोअरवर नेता म्हणजे युनियनचा पुढारी. चाळीस कामगारांपैकी बहुतेकांनी सगळी उत्तरे त्याच्याविषयी दिली, सुपरवायझरविषयी नाही. ही चूक कोणत्याही संगणकीय चाचणीत सापडली नसती. ती माझ्या दुसऱ्या मार्गदर्शकांच्या लक्षात आली, कारण त्यांनी माझ्यासोबत येऊन दोन कामगारांशी कँटीनमध्ये बसून गप्पा मारल्या होत्या. मार्गदर्शक निवडताना मी आज सगळ्यात आधी हेच पाहीन की हे गृहस्थ किंवा या बाई शेवटच्या कधी कारखान्यात, बँकेत किंवा रुग्णालयात जाऊन बसल्या होत्या.

प्रत्यक्ष भेटीला जाताना दीड-दोन पानांचे टिपण न्यावे. त्यात शीर्षक पक्के नसले तरी चालेल, पण प्रश्न एका वाक्यात असावा आणि त्याची माहिती कोठून मिळणार हे स्पष्ट असावे. ‘भारतीय कंपन्यांतील नेतृत्व’ हा प्रश्न नव्हे. सहकारी साखर कारखान्यात निवडून आलेले संचालक मंडळ आणि नेमलेला कार्यकारी संचालक यांच्यात निर्णय प्रत्यक्षात कोण घेतो, हा प्रश्न आहे. महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून तो सतत समोर आहे. मात्र मंडळाच्या बैठकीत तुम्हाला बसू देणारे कोणी नसेल, तर हा उत्तम प्रश्नही तुमच्या कामाचा नाही. प्रवेशाआधीच किमान एका संस्थेकडून माहिती देण्याची लेखी तयारी मिळवावी. नोकरदाराला स्वतःची कंपनी हाताशी असते हे खरे, पण ज्यांची वार्षिक बढती आपल्या हातात आहे त्यांच्याकडूनच नेतृत्वाविषयी प्रामाणिक उत्तरांची अपेक्षा करणे योग्य नाही.

भेटीत मार्गदर्शकांना विचारावे की महिन्यातून किती वेळा भेट होईल, मसुदा वाचून किती दिवसांत परत मिळतो, आणि आतापर्यंत किती विद्यार्थ्यांनी किती वर्षांत पूर्ण केले. विषय ते देणार की तुम्ही आणलेला घडवणार, हेही पाहावे. जे मार्गदर्शक तुमचे टिपण न वाचताच होकार देतात त्यांच्यापेक्षा त्यावर दोन टोकदार प्रश्न विचारून पुन्हा या म्हणणारे बरे. प्रबंध लिहून देणाऱ्या किंवा शोधनिबंध छापून आणणाऱ्या एजन्सीचे नाव कोणी सुचवले, तर तेथून उठून यावे. २०२२च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे आणि आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. तरी काही संस्था स्वतःची अट ठेवतात, ती आधीच विचारून घ्यावी.

प्रवेशाची परीक्षा हा त्या मानाने सोपा भाग आहे. विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) असते किंवा नेटचे गुण धरले जातात, आणि त्यासोबत मुलाखत असते. नेटमध्ये व्यवस्थापन विषयाचा संकेतांक १७ आहे. केवळ पीएच.डी. प्रवेशासाठीची नेट पात्रता एक वर्षच वैध राहते, म्हणून जाहिरातींच्या तारखा पाहूनच परीक्षेला बसावे. जेआरएफ मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीही महाराष्ट्रातील त्या त्या समाजघटकांसाठी आहेत. या रकमा पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात, नोकरदाराने त्या आपल्या हिशेबात धरू नयेत.

अर्धवेळ उमेदवाराला नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कामावरून मोकळीक दिली जाईल. पुष्कळ कार्यालये फक्त पहिली ओळ लिहून देतात आणि तिसऱ्या गोष्टीवरून ऐन वेळी वाद होतो, कारण अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे असतात आणि त्यासाठी वर्गाला वेळ द्यावा लागतो. हे पत्र मनुष्यबळ विभागाच्या सहीने, तिन्ही वाक्यांसह, प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न पाहता आजच मागून ठेवावे. साहेब बदलले तर पुढच्या वर्षी ते मिळेलच असे नाही.